प्रेम गांगुर्डे यांचे विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन

मानपाड्याच्या नाक्यावर प्रेम गांगुर्डेचा विजय झाला तो शुक्रवारी. लढत शनिवारी होती.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली, चंदूशेठ इच्छुक, आणि इच्छुक माणसाला निकालाची वाट बघत बसणं परवडत नाही. आपण थांबलो आणि समोरच्यानं आधी बॅनर लावला तर काय घ्या! म्हणून शेठच्या पोरांनी आदल्या दिवशीच बॅनर चढवून टाकला. मधोमध हात जोडलेले शेठ, रिक्षाएवढ्या तोंडाचे. दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांची रांग, सगळे गॉगल लावून. आणि खालच्या कोपऱ्यात, मोबाइल नंबराच्या जरा वर, सत्कारमूर्ती. प्रेमचे फोटो सगळे उघड्या अंगाचे. ते चौकात बरं दिसत नाही म्हणून छपाईवाल्यानं त्याच्या मानेखाली निळा कोट चिकटवला होता. टाय त्यानं आपल्या मनानं दिला.

हा प्रेम कोण, ते सांगायला हवं, कारण बॅनरवरून कुणालाच कळलं नसतं.

त्याचे वडील रवींद्र इथल्याच एका रंगाच्या कंपनीत होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा हात कधी गुलाबी, कधी हिरवे. पोरानं अशी नोकरी करावी जिथे हात आपल्याच रंगाचे राहतात, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पोरगा आयटीआय झाला, फिटरचं सर्टिफिकेट आणलं, ते घरच्यांनी पेटीत ठेवलं, आणि पोरगा शीळफाट्याजवळच्या एका लग्नाच्या हॉलवर बाउन्सर म्हणून उभा राहिला. तिथे एका वरातीत नवरदेवाचा मामा पिऊन अंगावर आला. प्रेमनं त्याला एक फटका न मारता, झोपलेल्या बाळासारखं अलगद गालिच्यावर आडवं केलं. पाहुण्यांत जगन सर होते. त्यांनी गुलाबजामची वाटी खाली ठेवली आणि प्रेमला आपलं कार्ड दिलं.

जगन सरांची जिम ठाण्यात, खोपटला एसटी डेपोच्या मागे, एका टायरच्या दुकानावर. तिथे प्रेम मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकला. म्हणजे बॉक्सिंग, लाथा, कुस्ती, गळे आवळणं, हातपाय पिरगाळणं, जे जे म्हणून आईबाप लहानपणी करू नको म्हणतात ते सगळं, जाळीच्या पिंजऱ्यात, पंचासमोर. नियम थोडे, त्यातला एक मोठा: सहन होईना झालं की समोरच्याच्या अंगावर हातानं थापटायचं. थापटलं की तू हरलास, आणि त्यानं त्या क्षणी सोडायचं.

चाळीत हा खेळ कुणाला समजावून सांगता आला नाही. "ते टीव्हीवरचं ना? खोटं असतं रे ते सगळं," असं समोरच्या गोदामावशी त्याच्या टाके पडलेल्या भुवईकडे बघत म्हणायच्या. पोरं त्याला कराटे म्हणत. पहिली लढत कल्याणच्या एका मंगल कार्यालयात झाली. आदल्या दिवशी जिथे मांडव होता तिथेच पिंजरा, आणि प्रेम पाठीवर पडला तेव्हा त्याला अक्षता टोचल्या. बक्षीस म्हणून प्रोटीनचा डबा मिळाला. पुढे काही जिंकला, काही हरला, नाक दोनदा बसलं, कान भजीसारखे फुगले. दिवसा घोडबंदर रोडच्या टॉवरांत राहणाऱ्या साहेबलोकांना तो ठोसे मारायला शिकवायचा. ते ग्लोव्ह्ज घालून सेल्फी काढायचे आणि मनगट दुखतं म्हणून दोन आठवडे यायचे नाहीत.

आई मंजुळा पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिनं पोराची एकही लढत बघितली नव्हती. लढतीआधी वजन उतरवायला प्रेम भर एप्रिलात रेनकोट घालून शीळफाट्याच्या रस्त्यानं पळायचा, ट्रकवाले हॉर्न मारून हसायचे, आणि घरी येऊन तो नुसती काकडी चावत बसायचा. दिवसभर लोकांसाठी पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या घरात हा प्रकार. "मार पण खायचा आणि जेवायचं पण नाय, असला कसला धंदा रे तुझा?" असं ती विचारायची.

वडील गेल्यावर प्रेमनं मनाशी ठरवलं होतं: आता थांबायचं. वयाची बत्तीस वर्षं उलटलेली, गुडघे कुरकुरत होते. मानपाड्याला पालिकेची एक व्यायामशाळा कुलूप लावून पडलेली होती, आत मंडळाच्या खुर्च्या. तिथे मुलांना शिकवायचं. चंदूशेठनी शब्द दिला, "तू चॅम्पियन होऊन ये, चावी माझ्या हातानं देतो." म्हणून दिल्लीची ही एक शेवटची मोठी लढत.

समोर हरियाणाचा एक पोरगा होता, वयानं बराच लहान. त्यानं पहिल्याच फेरीत प्रेमला मागून धरलं, गळ्याभोवती हात घातला आणि आवळलं. प्रेमनं थापटलं. पोरानं लगेच सोडलं, वर पाठ चोळून दिली. तासाभरापूर्वी चॅम्पियन व्हायला निघालेला माणूस दहा मिनिटांत कपडे घालून बसलाही. लढत कुठल्याशा ॲपवर दिसत होती, त्याला पैसे पडतात, त्यामुळे चाळीत कुणी बघितली नाही. चाळीनं बॅनर बघितला, तो फुकट होता.

रविवारी सकाळी प्रेम परत आला, नाक्यावर रिक्षातून उतरला, आणि स्वतःला निळ्या कोटात जिंकलेला बघून तिथेच उभा राहिला. घरी पोचतो तर आई दारोदार पेढे वाटत होती.

"आई, ऐक ना, मी तिकडे..."

"आधी तोंड गोड कर."

त्यानं पेढा तोंडात घातला. आवळलेल्या गळ्यातून तो खाली उतरेना. तिचा चेहरा इतका फुललेला त्यानं बाबा गेल्यापासून बघितला नव्हता, आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली, जशी पिंजऱ्यातही वाटली नव्हती. सांगायचं ते राहिलं.

बाहेर येऊन त्यानं शेठना फोन लावला. "शेठ, मी हरलोय."

"अरे भाई, हरला-जिंकला ते तुमचं आतलं झालं ना. बॅनर लागलाय, स्टेजला ॲडव्हान्स गेलाय. आज संध्याकाळी चावी देतो. तू फक्त हसायचं. काय टेन्शन नाय घ्यायचं."

मग जगन सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "चावी घे आणि गप बस. माझ्या जिमवर 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक' लिहिलंय. मी आयुष्यात वापीच्या पुढे गेलेलो नाय."

रविवारी संध्याकाळी मैदानात खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत मंजुळा, रवींद्र असताना घेतलेली, सणासुदीची पांढरी साडी नेसून, बाजूला गोदामावशी. शेठनी जयभीम, जय महाराष्ट्र, राम राम, सलाम असं सगळ्यांना पुरेल इतकं म्हणून घेतलं. शाल झाली, नारळ झाला, शेठचाच फोटो असलेलं सन्मानचिन्ह झालं. मग शेठनी खिशातून चावी काढली, उंच धरली आणि म्हणाले, "आधी आपला चॅम्पियन दोन शब्द बोलेल."

प्रेमनं माइक घेतला. चावी हाताच्या अंतरावर होती. त्यानं आईकडे बघितलं.

"मी जिंकलो नाय," तो म्हणाला. "मी हरलो. पहिल्याच राउंडला."

मग शेठनी माइक ओढला. "बघा! याला म्हणतात विनम्रपणा! एवढा मोठा झाला, तरी पाय जमिनीवर!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाय हो, खरंच हरलो! त्यानं मागून गळा धरला, मी थापटलं!"

पुन्हा टाळ्या. एकजण शिट्टी वाजवून ओरडला, "करून दाखव!" प्रेमला वाटलं, दाखवलं तर तरी पटेल. त्यानं शेठचा हात धरून आपल्या गळ्याभोवती घेतला. "असा धरला त्यानं. आता आवळा." शेठनी आवळला. शेठ शंभर किलोंचे, आणि गळा आधीच दुखरा. प्रेमनं त्यांच्या हातावर थापटलं. पण फोटोग्राफर पुढे आला होता. "शेठ, इकडे बघा. स्माइल. अजून एक." पुढच्या बॅनरला असा फोटो कुठे मिळायचा? शेठ हसत राहिले आणि हात तसाच राहिला. प्रेमनं पुन्हा थापटलं. एका हिसक्यात शेठना स्टेजवर आडवं करणं त्याला सहज जमलं असतं, पण मतदारांसमोर ते करवेना. त्याचा चेहरा लाल झाला, मैदान टाळ्या पिटत राहिलं.

मंजुळा कधी उठली ते कुणी बघितलं नाही. ती स्टेजवर आली आणि पोळ्या लाटणाऱ्या हाताची एक सणसणीत चापट शेठच्या मनगटावर बसली.

"सोडा! थापटतोय ना तो!"

माइक चालू होता. टाळ्या विझल्या.

"हरलो म्हणतोय तो," ती म्हणाली. "मघापासून सांगतोय. एवढी माणसं बसलीत, एकालाही ऐकू येईना?"

शेठनी मनगट चोळत चावी परत खिशात टाकली. प्रेम खोकत होता. मंजुळानं त्याची कॉलर बाजूला करून मानेवरचा निळा वळ बघितला.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू पेढे वाटत होतीस."

तिनं पदरानं त्याचा घाम पुसला. मग हळूच विचारलं, पण ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"आणि तिकडे? तिकडे तू थापटल्यावर त्या पोरानं सोडलं?"

"लगेच सोडलं, आई."

"मग ती माणसं बरी," मंजुळा म्हणाली.