नानांच्या काठीवरची खाच

अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तेव्हा फोन आला. किसननानांचा मुलगा सुधाकर बोलत होता; वडलांना तो दादा म्हणायचा. “वहिनी, दादा गेले.” हातातला डाव तसाच पातेल्यात राहिला. पोरं ताटल्या पुढं करून माझ्याकडं बघत होती... मग सगळ्यांना वाढलं, आणि कोपऱ्यात जाऊन रडले. नाना असते तर म्हणाले असते, “आदी पोरांचं बगितलंस, बेस केलंस.”

किसननाना आमच्या गावचे निवृत्त कोतवाल. गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावातला माणूस. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची आणि पंचनाम्याच्या वेळी टेपचं दुसरं टोक धरायचं. नानांनी उभा जन्म ते टोक धरलं. लिहिता सहीपुरतंच यायचं, पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडकतो हे त्यांना पाठ होतं. तोंडानं फटकळ. चहाला मात्र ते कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांचं घर बुद्धविहाराच्या मागं, आमचं धनगरवाड्यात, नदीच्या अंगाला. गेल्या वर्षीपर्यंत आमची ओळख वाटेवरच्या ‘रामराम’ आणि ‘जयभीम’एवढीच होती.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या तोंडावर नदी घरात शिरली. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, देव पदरात बांधले. मी दोन्ही लेकरं उचलली, मालकांनी शेळ्या सोडल्या आणि आम्ही शाळा गाठली. दोन दिवसांनी परतलो तर घरभर गाळ. अशा वेळी शहाण्या माणसानं फोटो काढावेत, पाहणीची वाट बघावी. पण आम्हाला घट बसवायचे होते ना! गाळात देवी कशी बसवणार? आम्ही सासूसुनांनी खराट्यानं गाळ ओढला, भिंती घासून पांढऱ्या मातीनं पोतारल्या, जमीन सारवली, वाकळा धुऊन वाळत घातल्या. पाठी मोडून आल्या, पण घर लखलखीत झालं.

दुसऱ्या माळेला पाहणीचं पथक आलं. दारात रांगोळी, आत घट, शेजारी तेवता दिवा. एक साहेब कौतुकानं म्हणाले, “घर तर छान ठेवलंय की!” आणि कागदावर लिहिलं, नुकसान नाही. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरंच वाटलं. नदीकडची भिंत आतून भिजून पोट काढायला लागली आहे, हे दुसऱ्या दिवशी दिसलं. तोवर शेजाऱ्यांची नावं मदतीच्या आणि घरकुलाच्या यादीत गेली होती. आमचंच नव्हतं. घर पडलं असतं तर पुन्हा उभं करायची आमची ऐपत नव्हती.

कुणीतरी नानांचं नाव सांगितलं. मी रडतच त्यांच्या दारात गेले. ते काठी टेकत आले, चहा घेतला, घरभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

“तुमी सासूसुनांनी मिळून पुरावाच धुऊन काढला की गं! पंचनामा म्हंजे डोळ्याला दिसंल तेवढंच. मनातलं लिवायला तितं रकाना नसतोय.”

मग त्यांनी मागच्या, नदीकडच्या भिंतीत काठी रोवली. टोक वीतभर आत गेलं. “आजपासनं हितं निजू नगा.”

“मग कुठं जावं, नाना?”

“माझी म्होरली खोली काय नुसती बगायला बांदली व्हय?”

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत गेलो आणि पुढं घर होईपर्यंत तिथंच राहिलो. भाड्याचं नाव काढलं तर ते चिडायचे. घट मात्र आमच्याच घरात होते. आत्या सकाळ-संध्याकाळ दिव्यात तेल घालायला, माळ चढवायला जायच्या. त्या आत असेतोवर नाना दारात उभे राहायचे, मागच्या भिंतीवर नजर लावून. देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण एक वेळ चुकवली नाही.

फेरपाहणीचा अर्ज मी लिहिला, त्यांनी सांगितला. “‘कृपया’ येकदाच लिव. दिसतंय ते समदं लिव. आन पोच घेतल्याबिगर उठायचं न्हाय.” तालुक्याला ते माझ्याबरोबर तीनदा आले. सुधारित यादी खंडेनवमीच्या आत जाणार होती. पण दाखवायचं काय? खुणा आमच्याच हातांनी पुसलेल्या. तेव्हा नानांना आमचा देव्हारा आठवला. आत्यांना बसून पूजा करता यावी म्हणून सासऱ्यांनी तो भिंतीला खाली, कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेला. बाहेरून-आतून आम्ही पुसला होता, त्याच्या आडची भिंत तेवढी राहिली होती. नानांनी फटीतून बॅटरी मारली. पाण्याची रेघ तिथं होती! आता फक्त देव्हारा काढायचा.

आत्या आडव्या आल्या. “घर गेलं तर जाऊ द्या. पन बसल्याले देव म्या उठवायची न्हाय.” नवरात्रात देव जागचे हलवत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी चिडले. लेकरांना छप्पर नाही आणि तुम्ही देव धरून बसलाय, असं तोंडावर बोलले. ते बोलणं आजही मला टोचतं.

नाना मध्ये पडले. “द्येवाला कशाला उठवायचं? बगणाराला वाकवू की.”

सातव्या माळेला नव्या मॅडम आल्या. नाना अदबीनं म्हणाले, “बाईसाहेब, जरा वाकावं लागंल.” आणि त्या खरंच गुडघ्यावर बसल्या, गाल भिंतीला टेकवला, मोबाईल फटीत घालून फोटो काढला. मग घरामागं जाऊन नदीकडच्या भिंतीत रुतणारी काठी पाहिली आणि उभ्या उभ्याच सगळं लिहून घेतलं. आमचं नाव यादीत लागलं.

त्या गेल्यावर नानांनी काठी देव्हाऱ्याशी उभी धरली, रेघेच्या उंचीवर विळ्यानं खाच पाडली आणि दिसावी म्हणून तिच्यात नदीकडच्या भिंतीची ओली माती दाबली. “नव्या घराचं जोतं हिच्या वर येक वीत.” म्हणून आमच्या नव्या घराला चार उंच पायऱ्या आहेत. शेवटचं भेटले ते तिथंच. तिसरीवर त्यांना धाप लागली. “म्याच सांगितल्या, आन मलाच चढवंनात,” म्हणून हसले. मी म्हणाले, नाना, तुमचे उपकार... तर म्हणाले, “चा टाक.” आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून आज इथं मानते आहे.

नाना गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सुधाकरनं काठी माझ्या हातात दिली. “नदीकडंला ज्याला घर बांधायचंय, त्यानं तुमच्याकडनं न्यावी, असं दादा म्हणायचे.” तेव्हापासून दोघांनी ती नेऊन जोत्याचं माप घेतलं, परतही आणून दिली.

आता पुन्हा घट जवळ आलेत. काल आत्यांनी अख्खं घर धुवायला काढलं. डबे झाले, वाकळा झाल्या, आणि ओलं फडकं घेऊन त्या काठीकडं वळल्या. मुठीपासून पुसत पुसत त्या खाचेपाशी आल्या, थांबल्या, तेवढी जागा सोडून खालची काठी पुसली.

“यवढं ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मागल्या बारीला समदं धुतलं, तवा नाना हुते.”