नवरदेवाची जबानी

कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे नवरदेव म्हणायचे. का म्हणून काय विचारता! पंचावन्नी उलटली तरी पँटची इस्त्री कधी मोडलेली नाही, आणि कुठे टेकायचं झालं तरी आधी खाली रुमाल अंथरणार. बरं, हा सगळा थाट बायकोच्या जिवावर. स्वतः जन्मात कधी मोजा धुतला नाही.

अशा माणसाला कंपनीने काढून टाकलं. का, तर ऐन कामाच्या वेळी न विचारता मशीन सोडून घरी गेला. घरी त्याने छाती फुगवून सांगितलं, "सुपरवायझर वाट्टेल ते बोलला. मीही चार शब्द सुनावले आणि आलो निघून." आल्यागेल्याला तो हेच तिखटमीठ लावून ऐकवी.

कामगार कोर्टातल्या केसेस तयार करून देणारे एक आप्पा होते, युनियनमधून निवृत्त झालेले. त्यांनी नवरदेवाला समोर बसवून पढवलं. जे झालं ते झालं त्या क्रमाने सांगायचं. विचारतील तेवढंच बोलायचं. समोरच्या वकिलाने डिवचलं तर चिडायचं नाही, घोटभर पाणी प्यायचं.

"आणि जे सांगायची लाज वाटते ना, ते आधी मला सांगा. तो वकील नेमकं तेच उकरून काढतो."

"लाज कसली? भांडण झालं, उठलो."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "अहो, रागाने काम सोडलंत हेच तर कंपनी म्हणतेय! तुम्ही केस कुणाची लढताय? या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार तुम्हाला? शेजारच्या मशीनवरचा साक्ष द्यायला तयार आहे, त्याला तरी बोलवा."

"तो नको," नवरदेव घाईने म्हणाला. शेजाऱ्याने सगळं पाहिलं होतं, हीच तर पंचाईत होती.

सुनावणीच्या दिवशी नको नको म्हणत असताना बायकोही बरोबर आली. आप्पा नंबर बघायला आत गेले, तशी ती बाकावर सरकून हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पँट धुतलीत."

तो खाली अंथरलेल्या रुमालाचं टोक नीट करू लागला.

"मोजा न धुणारा माणूस भरदुपारी नळाखाली पँट घासतो आणि मला कळणार नाही होय? तुमचं लघवीचं दुखणं मला ठाऊक नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भांडण इतकं रंगवून सांगत होता. म्हटलं, राहू दे."

म्हणजे इतके महिने ही सगळं जाणून त्याच्या फुशारक्या ऐकत होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बाहेरच बसते," ती म्हणाली.

आत कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "तुम्ही रागाने उठून गेलात, बरोबर?"

नवरदेव पाणी प्यायला. "नाही. आमच्या रांगेला बाथरूमला जायला एकच लाकडी बिल्ला आहे. तो खिळ्यावर असला तरच उठायचं. त्या दिवशी माल जायचा होता, म्हणून सुपरवायझरांनी तो खणात टाकला. मी मागितला, पुन्हा मागितला. नाही म्हणाले. मग..."

"मग काय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

तो पुटपुटला. टायपिस्टने हात थांबवले. "जरा मोठ्याने. ऐकू आलं नाही."

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर तिचा पदर दिसत होता.

"पँट ओली झाली," तो मोठ्याने म्हणाला. "सगळ्यांच्या देखत. म्हणून उठलो. भांडण वगैरे काही झालं नाही."

कुणीतरी हसेल म्हणून तो खाली मान घालून वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. न्यायाधीश बाई वकिलाकडे वळल्या, "रांगेत माणसं किती हो?" वकीलसाहेब कागद चाळू लागले.

निकाल लागला, काम परत मिळालं. पहिल्या दिवशी बायकोने पँटला कडक इस्त्री करून दिली, पण रांगेतून जाताना याची मान काही वर होईना. मशीनवर बसला तर समोरच्या खिळ्यावर बिल्ला नव्हता. खिळाच उपटलेला होता.

"काय नवरदेव," शेजारचा म्हणाला, "आता कुणाला विचारायचं नाही. हवं तेव्हा उठायचं."

रांगेत कुणी मान वर केली नाही. याचे कान मात्र तापले. दुपारपर्यंत तो तसाच बसून राहिला, अगदी कळ येईपर्यंत. मग सगळ्यांच्या देखत उठला आणि जाऊन आला.