टेकाडाच्या पोटाशी

माझ्या थोरल्या बहिणीला मी पाहिलेलं नाही. पाऊल टाकायच्या आधीच तापानं गेली. एवढ्याशा जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला आईला नेत नाहीत, पुढेही तिनं तिकडं फिरकायचं नसतं म्हणे. वडिलांनी कापडात गुंडाळून नेलं आणि परत आल्यावर आईला एवढंच सांगितलं, विहिरीच्या वर, टेकाडाच्या पोटाशी.

पुढे चाकणच्या मागचं ते अख्खं खोरं कंपन्यांना गेलं. आम्ही रहाटणीत फ्लॅटमध्ये आलो, वडीलही गेले. आता आईचे डोळे संपत आलेत, तर तिनं धोशाच लावला, एकदा ती जागा दाखव. कुठून दाखवू राव? विहीर नाही, टेकाड नाही, ओढा पाईपात कोंबलेला. त्या पत्र्याच्या शेडांत माझं स्वतःचं घर कुठं होतं तेही मला सांगता येत नाही. नुसती चीड येते.

शेवटी मोजणीचं काम करणाऱ्या एका मित्रानं जुना सरकारी नकाशा मिळवला आणि कॉम्प्युटरवर आजच्या नकाशावर बसवला. निळा ठिपका म्हणजे विहीर. तिच्या वर तपकिरी रेघा एकमेकींना खेटून चढत गेलेल्या, ते आमचं टेकाड. आज तिथं एका कंपनीचं ट्रेलर लावायचं आवार. सापडलं एकदाचं म्हणून मी खूश.  मित्रानं मात्र त्या रेघांवरची उंची दाखवली, आणि त्याच जागेची आजची. टेकाड नुसतं सपाट केलं नव्हतं. तळापर्यंत खोदून सगळा मुरूम डंपरनं उचलून नेला होता. कुठल्या रस्त्यावर पसरला, देव जाणे. त्या मुरमाबरोबर तीही.

आईला काय सांगणार, कपाळ? रविवारी तिला घेऊन गेलो. वॉचमननं आत सोडलं नाही, म्हणून कुंपणाच्या जाळीपाशी उभं केलं आणि बोटानं जागा दाखवली. पलीकडं सगळं सिमेंट. तिनं बराच वेळ पाहिलं.

"ह्येच्या खाली हाय न्हवं पन ती?"

"हाय, आये."

"मंग आसू दे. कुटं हलली न्हाई पोर."

गुडघे धरत ती खाली बसली, जाळीखालून हात आत सारला आणि सिमेंटला थोपटू लागली. मला तिला ऊठ म्हणवेना.