सगळ्यांच्या वरणातलं औषध

केजला आमच्या संस्थेच्या मानसिक आजारांच्या कॅम्पला शिवहारअप्पा आले ते मान डाव्या खांद्याकडे वळलेली घेऊनच. मान सरळ होत नव्हती, जबडा आवळला होता, आणि त्यांना घेऊन आलेले दोन शेजारी बाहेर 'लकवा मारला' म्हणून सांगत होते. आमच्या डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि दंडात इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत मान जागेवर आली.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला कायच न्हाई. माझ्या भावाला हायेत."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मान आखडली होती आमच्याच औषधानं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी सवय नसलेल्या माणसाचे स्नायू असे एकाएकी पिळवटतात. पण आमचा पेशंट होता धाकटा भाऊ मन्मथ, आणि मान वळली थोरल्याची. औषध तिकडून इकडे कसं आलं असेल याचा मला अंदाज आला.

माझं काम सांगतो. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. संस्थेच्या रजिस्टरात मी 'फील्ड वर्कर'. आता या कामाला पिअर सपोर्ट म्हणतात, म्हणजे जो स्वतः आजारातून गेलाय त्यानं दुसऱ्या आजाऱ्याच्या सोबतीला राहायचं. डॉक्टर म्हणायचे, "साळवे, तुमची जुनी फाइल हीच तुमची डिग्री." मी एसटीत कंडक्टर होतो. एका उन्हाळ्यात माझी पक्की खात्री झाली की गाडीतले सगळे पॅसेंजर माझ्याविषयीच बोलतायत. गेवराईच्या अलीकडे मी सगळ्यांना खाली उतरवलं आणि ड्रायव्हरला रिकामी गाडी पुढे न्यायला सांगितलं. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं पॅसेंजरांना पुन्हा गाडीत घेतलं आणि संध्याकाळी मला घरी आणून सोडलं. बरा व्हायला दोन वर्षं गेली. गोळ्या चालू राहिल्या आणि हे काम मिळालं.

मन्मथचं घर युसूफ वडगावचं. लिंगायत कुटुंब, बाजारपेठेत किराणा दुकान. शिवहारअप्पांची मुलं लातूरला शिकायला होती. घरात माणसं चार: आई गंगाबाई, शिवहारअप्पा, त्यांची बायको आणि मन्मथ. मन्मथला पाण्याच्या टाकीतून आवाज ऐकू यायचे. गोळ्या दिल्या की थुंकायचा. शेवटी डॉक्टरांनी थेंबांचं औषध लिहून दिलं. त्याला ना वास ना चव. "कसं द्यायचं ते घरच्यांना सांगा," असं मला म्हणाले. गंगाबाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांना शिकवलं: वाढताना, त्याच्या एकट्याच्या वाटीत, वरणात टाकायचं. महिनाभर झकास चाललं. मी रजिस्टरात 'इम्प्रूव्ह्ड' लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

दुपारी शिवहारअप्पांबरोबर जीपनं वडगावला गेलो. गंगाबाईंनी सगळं सांगितलं. मन्मथला संशय आला होता. तुम्ही खाता तेच मला वाढा, एकाच पातेल्यातलं, असा त्यानं हट्ट धरला. मग मावशींनी औषध पातेल्यातच टाकायला सुरुवात केली. माणसं चार, म्हणून थेंब चौपट, म्हणजे मन्मथच्या वाट्याला बरोबर तेवढेच येतील. दुकानदाराचं घर, हिशोब चोख. सून पीठ मळता मळता डुलक्या घ्यायची. मावशींना स्वतःला ग्लानी यायची, ती त्या उन्हाची समजायच्या. शिवहारअप्पा भर बाजाराच्या दिवशी गल्ल्यावर झोपले. आणि मग मान.

भावाला गल्ल्यावर झोपलेला बघून मन्मथनं ओळखलं होतं. गेले चार दिवस तो घरचं काही खात नव्हता, तरी मावशी आशेनं रोज थेंब टाकतच होत्या. दुकानात तेव्हा कंपन्यांच्या पाकिटांची नुकतीच गर्दी व्हायला लागली होती. त्यातलं सीलबंद असेल तेवढंच खायचा. पाणी स्वतः हापशावरून आणायचा. गाल बसले होते.

"भाऊ, तुमी सांगितलं तसंच केलं की मी," मावशी म्हणाल्या.

शिवहारअप्पांनी निर्णय घेतला होता. शुक्रवारी जीप करायची, चार माणसं घ्यायची, गरज पडली तर बांधायचं, आणि मन्मथला पुण्याच्या मनोरुग्णालयात ॲडमिट करायचं. मधे दोनच दिवस.

माझ्या बायकोनंही मला भाजीतून गोळ्या दिल्या होत्या. कळल्यावर मी वर्षभर तिच्या हातचं खाल्लं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं तर चांगलं जळलं होतं, आणि तरी नोकरी लागल्यावर मी दुसऱ्याच्या आईला तेच शिकवून आलो होतो. फार लाज वाटली.

एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, मी त्याला खरं सांगणार आहे."

"साळवे, वेड लागलंय का?" असं म्हणाले आणि एकदम गप्प झाले.

"लागलं होतं, साहेब. उतरलंय."

"सांगितलंत तर तो औषध कधीच घेणार नाही."

"आता तरी कुठं घेतोय? आता भाऊ घेतोय."

मग डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघा.

दुकानात मन्मथ ज्वारीच्या पोत्यावर बसला होता, हातात बिस्किटाचा पुडा. मी समोर बसलो.

"मन्मथअप्पा, तुमचं बरोबर होतं. वरणात औषध होतं. आईनं टाकलं, पण टाकायला मी सांगितलं होतं."

त्यानं विचारलं, "म्हंजे भास न्हवता?"

"न्हवता."

"आन् समदे म्हणत व्हते, संशय हाच तुजा आजार हाय. तुमीबी म्हणलाव."

"म्हणलो. चुकलो."

त्यानं पुडा खाली ठेवला आणि रडला. दोन गिऱ्हाईकं येऊन तशीच परत गेली. मग तोंड पुसून त्यानं विचारलं, "मग टाकीतला आवाज?"

या नोकरीत मला यापेक्षा अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती.

"त्यो आजार. मलाबी गाडीत ऐकू यायचं. वरण खरं, आवाज खोटा."

महिनाभर आम्ही त्याचं सगळं बोलणं एकाच पोत्यात भरलं होतं. खरं-खोटं कुणी निवडून दिलंच नव्हतं. मग त्यानं अटी घातल्या. "बाटली माझ्याकडं राहील. थेंब मीच मोजीन. डॉक्टरनं मला समजावून सांगायचं, आन् मान वळली तर औषध बदलायचं." मी हो म्हणालो आणि सगळं त्याच्यासमोर कागदावर लिहून सही केली. शिवहारअप्पांना काही पटलं नव्हतं, पण जीप रद्द केली. आठ दिवस बघतो, म्हणाले.

पुढच्या बुधवारी मन्मथ एकटा कॅम्पला आला, बाटली शर्टच्या खिशात. डॉक्टरांना त्यानं इतके प्रश्न विचारले की मागची लाइन कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला. पुढे थेंब जाऊन गोळी आली, तीही तो स्वतःच घ्यायचा. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका पावसाळ्यात त्यानं गोळ्या सोडल्या आणि पुन्हा बिघडला. पण ते सांगायला कॅम्पला तोच आला, कुणी बांधून आणला नाही.

घरचं जेवायला मात्र त्याला वेळ लागला. आधी फक्त भाकरी, तीही डोळ्यांसमोर थापलेली. अठरा-वीस दिवसांनी मी फॉलो-अपला, म्हणजे विचारपूस करायला गेलो, तेव्हा गंगाबाई दारातच उभ्या होत्या. "आज वरण मागून घेतलं त्यानं," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. एकट्या शिवहारअप्पांनी त्यानंतर बरेच दिवस वरण वाढून घेण्याआधी आईकडे संशयानं बघितलं. त्यांना औषधोपचाराची गरज नव्हती.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो. पेशंटच्या संशयाला आजार म्हणण्याआधी एकदा पातेल्यात डोकावून बघावं. बहुतेक वेळा काही नसतं. एखाद्या वेळी असतं, आणि ते टाकायला आपणच सांगितलेलं असतं.