‘जातो’ म्हणणारे हेडमास्तर

घरातून निघताना आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. चौलच्या आमच्या शाळेचे हेडमास्तर मात्र खुशाल ‘जातो’ म्हणत. बाजारात निघाले तरी ‘जातो’, अलिबागला निघाले तरी ‘जातो’. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दर वेळी कपाळाला हात लावत. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे. “जाणं माझ्या हातात आहे. येणं कुठं आहे? जे हातात नाही त्याचा शब्द कसा द्यायचा?”

हे खूळ पुस्तकांतून आलेलं. ग्रीस-रोमकडे दोन हजार वर्षांपूर्वी स्टोइक म्हणून तत्त्वज्ञ होऊन गेले, मास्तर त्यांचे भक्त. शनिवारी शाळा सुटली की आम्हा शिक्षकांना चहा पाजून ते त्यांच्याबद्दल सांगत. आम्ही चहासाठी ऐकतो हे त्यांना ठाऊक होतं. “त्यांच्यात एक पांगळा गुलाम होता आणि एक बादशहा. दोघांचं म्हणणं एकच. आपले विचार आणि आपलं वागणं, एवढंच आपलं. पैसा, तब्येत, लोकांची तोंडं, यांवर आपली सत्ता नाही. आपण नीट वागावं. सुख मागून आलं तर येऊ द्यावं, त्याला हाका मारू नयेत.”

शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आमची तारांबळ उडे. मास्तर म्हणत, “साहेबांचा राग साहेबांपाशी. फळे पुसलेत का?” एका वर्षी वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. आम्ही तोंडं पाडून भेटायला गेलो, तर हे कोयता घेऊन पडलेली झाडं तोडत होते. “वाडी माझी कधी होती? राखायला दिली होती,” म्हणाले. माणूस कसला, दगड आहे, असं गाव म्हणू लागलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटे.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला व्हायचं होतं. परीक्षा चालू होत्या, त्या संपताच मास्तर मागोमाग जाणार होते. भावाबरोबर काकू निघाल्या तेव्हा रेवदंड्याच्या बंदरावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. “येते हं,” काकू म्हणाल्या आणि मास्तरांकडे बघत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्यावरून वाद घातला, तो एक शब्द त्यांना आज नवऱ्याच्या तोंडून हवा होता. बोटवाला घाई करत होता. मला तर मास्तरांचा रागच आला.

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “ये. वाट बघणं माझ्या हातात आहे.”

काकू हसल्या. बोटीत बसल्यावरही हसत होत्या.

त्या परतल्या नाहीत. परीक्षा संपायच्या आधीच तार आली. दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा काकूंना मासळी द्यायला येणारी हिरा कोळीण पायरीवर बसली होती. तिच्या परीनं ती समजूत घालत होती. “मास्तर, रडू नका. राखायला दिलेली व्हती, तुमीच सांगता ना?”

“व्हय,” मास्तर तिच्याच बोलीत म्हणाले. डोळे त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. “पण राखणदारानं रडू नये असं कुणी सांगितलंय, हिराबाई?”

या माणसाला आपण दगड समजत होतो, याची मला लाज वाटली.

पुढं मला मुरूडच्या शाळेत नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून मी मुद्दाम म्हणाले, “जाते, सर.”

मास्तर ओटीवरून उठले आणि वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, माझ्याबरोबर चालत आले.

“येते म्हणा, बाई,” ते म्हणाले.