चोवीस गोळ्यांचं यंत्र

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धुळ्यात मी औषधनिर्माणशास्त्राची पदविका करत होते. आमच्या बाईंनी कॉलेजातली एक रिकामी खोली मागून घेतली आणि जाहीर केलं, "इथे जुन्या औषधविद्येचं संग्रहालय करायचं!" झालं, आम्ही मुली दवाखान्यादवाखान्यांतून खल-बत्ते, पितळी तराजू, बुचाच्या बाटल्या मागत सुटलो.

पारोळ्याला एक निवृत्त कंपाउंडर राहतात असं कळलं, तशी मी एसटी पकडली. त्या कंपाउंडर आबांनी पलंगाखालची पेटी उघडली आणि धोतराच्या फडक्यातून एक लाकडी पाट काढला. त्यावर पितळेच्या खाचा, वर तशाच खाचांची दोन मुठींची फळी. हाताने गोळ्या पाडायचं यंत्र! पुस्तकात त्याचं फक्त चित्र पाहिलं होतं.

"बठ्ठं लई जा," सगळी पेटीच माझ्याकडे सरकवत आबा अहिराणीत म्हणाले. "पन हाई कसं चालस, ते मी सोता ई सन दखाडसू."

आणि यंत्र चालवून दाखवायला उद्घाटनाला ते स्वतः खरंच आले, इस्त्रीचा सदरा घालून. पाहुणे डॉक्टर भाषण आवरतात न आवरतात तोच आबांनी खलात ज्येष्ठमधाची पूड पाकात मळली, तिची लांब वळी केली, खाचांवर ठेवली आणि फळी सरसर मागेपुढे फिरवली. टपाटप चोवीस गोळ्या पडल्या, सगळ्या सारख्या! खोलीभर टाळ्या. मागची मुलं बाकांवर चढली.

डॉक्टरांनाही राहवेना. बाह्या सरसावून त्यांनी फळी ओढली, तर वळीचा पार चेंदामेंदा.

"डॉक्टरसाहेब, तुमी चिठ्ठ्याच लिखा!" आबा म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसले.

मग आबांनी मला पुढे बोलावलं. पहिल्यांदा गोळ्या चपट्या निघाल्या, दुसऱ्यांदा चिकटल्या. आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, "दाबू नको, नुसतं फिरव." तिसऱ्या खेपेला त्या गोल, सुट्या घरंगळल्या. मी चक्क उडी मारली, बाईंच्या देखत.

त्यातल्या मूठभर गोळ्या कागदात बांधून मी संध्याकाळच्या गाडीने एरंडोलला, घरी गेले. आईने एक गोळी दिव्याकडे धरून नीट न्याहाळली.

"हे तू केलं? हाताने?"

"हाताने!" मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.