आहेव पुनवेला माहेरचं माणूस

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी बरीच वर्षं गेली. भरलेली उसाची गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, दोन्हींतला फरक तो ऊस. या कामाने एक खोड लागते. हातातली गोष्ट नक्की काय आणि नक्की किती हे ठरल्याशिवाय पुढची गाडी काट्यावर घ्यावीशी वाटत नाही. माझी बायको पाहुण्यांना सांगते, की लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी मुठीतल्या अक्षता तोलत होतो. हे खरं नाही. पण तिने ते इतक्यांदा सांगितलंय, की आता पाहुणेच मला सांगतात.

सत्तरच्या दशकातल्या एका माघात, हंगाम भरात असताना, माझा धाकटा चुलतभाऊ काट्यावर आला. आला म्हणजे लुगडं नेसून, हातात जोगव्याची परडी घेऊन, कपाळावर भंडारा लावून. लहानपणापासून त्याचा जीव बायकांच्या कामात आणि बायकांच्या गप्पांत. पुढे केसांत जट आली, यल्लम्माचं बोलावणं आलं असं लोक म्हणाले, आणि तो मिरजेच्या जोगतिणींत जाऊन राहिला. आमच्या घरात त्याला तो म्हणत, मिरजेत तिला ती म्हणतात. गोष्ट मिरजेची आहे, तेव्हा मी मिरजेचंच चालवतो.

तिचे वडील, म्हणजे माझे काका, फौजेतून सुभेदार होऊन मलकापुरात परत आलेले. त्यांनी तिला घालवलं नाही आणि बोलावलंही नाही. तिचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जात. त्या काळात आमच्या म्हशींची बडदास्त फार चांगली राहिली.

काट्यावर ऊसगाड्यांची रांग होती. एका गाडीवानाने तिला बघून हाक मारली, की काटेवाल्यांची पाहुणी आली, तिलाबी चढवा काट्यावर. ती वळलीसुद्धा नाही. "माझं वजन तुझ्या बैलास्नी पेलायचं न्हाई, गड्या," म्हणाली, आणि रांगेतले बाकीचे त्या गाडीवानालाच हसले.

मग ती माझ्या खिडकीशी आली आणि कामाचं बोलली. मार्गशीर्षातल्या पुनवेला यल्लम्मा विधवा होते आणि तिच्या जोगतिणी बांगड्या फोडतात. माघातल्या पुनवेला देवीचा नवरा पुन्हा जिता होतो, देवी पुन्हा सवाष्ण होते, आणि सगळ्या जणी हिरवा चुडा भरतात. ही आहेव पुनव. मिरजेच्या त्यांच्या मेळ्यात रीत अशी, की चुडा भरताना शेजारी माहेरचं माणूस बसतं, आहेर करतं आणि पहिली बांगडी स्वतःच्या हाताने चढवतं. ज्यांना माहेर राहिलेलं नाही त्यांच्या शेजारी गुरुआई बसते. गुरुआई म्हणजे मेळ्यातली सगळ्यांत थोरली जोगतीण.

"आजवर तीच माझं माह्यार झाली," चुलतबहीण म्हणाली. "आवंदा म्हनली, मी थकले, एक डाव तरी तुझं खरं मानूस आन. तू न्हाई आलास तरी राग न्हाई, दादा. पर आत्ताच सांग. मग मी तितं रस्त्याकडं बघत बसत न्हाई."

मी येतो म्हणालो. काट्यावर बसून न तोलता केलेलं माझं हे एकच काम असेल.

तोलणं सुरू झालं ते कराडच्या कापडदुकानात. दुकानदाराने विचारलं आहेर कुणाला, आणि मी सवयीने भावाला म्हणालो. त्याने टोपी आणि टॉवेल काढून ठेवला. तो बांधून झाल्यावर मला वाटलं, हे काही बरोबर नाही. म्हणून हिरवं लुगडं दाखवा म्हणालो. भावजयीलाही करताय, चांगलं केलंत, असं म्हणून दुकानदाराने तेही बांधलं. मी दोन पिशव्या घेऊन घरी आलो आणि बायकोला सांगितलं, की तिथलं वातावरण बघून कुठली उघडायची ते ठरवू.

"म्हंजे दोन पारडी घिऊन निघाला व्हय," ती म्हणाली. "काटा कुठं झुकतोय ते बघायला." आणि मला एकट्याला सोडलं तर मी देवीलाही रिकामं वजन विचारीन, म्हणून तीही एस्टीत बसली.

मिरजेत उतरलो तेव्हा मिरवणूक निघालेली होती. मला धाकधूक होती, की ओळखीचं कुणी बघेल. ओळखीचं निघालंच. आमच्याच कारखान्याला ऊस घालणारे एक बागायतदार खांद्यावर नातवाला घेऊन गर्दीत उभे. ते मला बघून एका हातगाडीमागे सरकले, मी त्यांना बघून खांबामागे. माझ्या बायकोने त्यांच्या मालकिणीला हाक मारली, आणि आम्ही दोघेही बाहेर आलो आणि यंदाच्या साखरेच्या उताऱ्याबद्दल बोलू लागलो.

मी असं काही पाहिलं नव्हतं. पुढे चौंडकं आणि तुणतुणं. मधे डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेऊन नाचणाऱ्या. त्यांत जन्माने बायका किती आणि आमच्या चुलतबहिणीसारख्या किती, हे मी मोजायला घेतलं आणि थोड्या वेळात सोडून दिलं, कारण भंडाऱ्याने सगळ्याच सारख्या पिवळ्या झाल्या होत्या. मीही. रस्त्यावरच्या सासुरवाशिणी त्यांच्या पाया पडत होत्या. आमची चुलतबहीण जग डोक्यावर तोलून, हात न लावता, गिरकी घेत होती. घरी असताना ती मान खाली घालून चाले. एवढी ताठ मान मी फक्त काकांची पाहिलेली.

एक उंच जोगता माझ्यापाशी येऊन थांबला. ओठावर निळसर लव, नाकात नथ. अक्काचे दादा ते तुमीच का, उदो म्हना की, म्हणाला. मी उदो म्हणालो.

"हे काय सायबाला रजा मागताय व्हय?" तो म्हणाला. "देवी वर डोस्क्यावर हाय. तितवर जाऊ द्या की आवाज."

दुसऱ्या खेपेला माझा आवाज इतका गेला, की बायको दचकली.

चुडा भरायचा होता तो गुरुआईच्या अंगणात. देवीच्या शेजारी तिच्या नवऱ्याची, जमदग्नीची, छोटी मूर्ती मांडलेली. जोगतिणींचं कुंकूही त्याच्याच नावाचं. कासार टोपली घेऊन बसला होता. चुलतबहीण पाटावर बसली आणि मी शेजारी बसलो, दोन्ही पिशव्या मांडीवर. ती हसत होती. मग तिची नजर माझ्या मांडीवर गेली. एका पिशवीतून पांढऱ्या टोपीची कड वर आली होती.

"टोपी आनलीस व्हय, दादा," ती हळू म्हणाली.

मी घाईने सांगितलं, की लुगडंही आहे, दुसऱ्या पिशवीत. याने भागेल असं मला वाटलं होतं. तिने मान खाली घातली, घरी घालायची तशी.

"म्हंजे तुझं अजून ठरलंच न्हाई," ती म्हणाली.

कासाराने हात आवरला. इतक्या लांबून आलेलं माहेर, आणि ते लेकीला लेक म्हणायला तयार आहे की नाही हे त्यालाच माहीत नाही, असं अंगणभर दिसलं.

गुरुआई गुडघे धरून उठली आणि आमच्यापाशी आली. तिने विचारलं नाही, दोन्ही पिशव्या घेतल्या. लुगडं चुलतबहिणीच्या मांडीवर ठेवलं. टोपी-टॉवेल नेऊन जमदग्नीच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो तर पुरा आहेर हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लेकीला लुगडं, जावयाला टोपी. रीतीचं घर हाय बायांनो."

उंच जोगता मागून बोलला, की जावई आजच जिता झालाय, उघडाच बसला होता बिचारा. हसणं उठलं. गुरुआई मात्र हसली नाही, ती माझ्याकडे वळली.

"असंच न्हवं, पाव्हणं?"

हो म्हणून सुटता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. मी म्हणालो, "ठरवून आणलं नव्हतं. पण आता बसतंय ते बरोबर बसतंय. बहिणीला लुगडं, जावयाला टोपी."

कासाराने पहिली बांगडी माझ्या हातात दिली. तिचा हात हाडापेराने काकांसारखा, रुंद. मी जोर लावला. साहेब, दमानं, ऊस न्हवं हा, असं म्हणत कासाराने तिचा अंगठा आत दुमडून दिला आणि बांगडी चढली. ती माझ्याकडे न बघता लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, की काठ बरा निवडलास. तो दुकानदाराने निवडला होता, हे मी कधी नव्हे ते सांगितलं नाही.

घरी परतलो तेव्हा चुलती दारातच होती. पंगतीला काय होतं, गर्दी किती होती, लेकरू वाळलंय का, असं तिने एकापुढे एक विचारलं. काका कट्ट्यावर पाठ करून बसले होते. गोठ्यात गेले नव्हते, एवढं मी पाहिलं.

"चुड्याला शेजारी कोन बसलं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

मी बसलो म्हणालो.

ते वळले. "तू? आई-बाप जिते असताना चुलतभाऊ बसतोय व्हय? कुठली रीत ही? लोक काय म्हनले असतील, हिचं माह्यार मेलं म्हनून?"

चुलती पदर तोंडाला लावून आत गेली. रीतीने पाहिलं तर काकांचंच बरोबर होतं.

पुढल्या माघात एस्टीत आम्ही चौघे होतो. मिरवणुकीत काकांचं कशानेच समाधान होईना. चौंडकंवाले पुढे पळतात, मागचे रेंगाळतात, ही काय चाल झाली, असं म्हणत ते काठी घेऊन रांगेच्या कडेने चालत राहिले, आणि मेळ्यातल्या पोरी त्यांना बघून मुद्दाम पाय चुकवू लागल्या. अंगणात कासाराने माहेरचं कोण म्हणून विचारलं तेव्हा चुलती पाटाशी जाऊन बसलीसुद्धा होती. काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी पाटाकडे हललो की काय ते बघायला, आणि मग जाऊन लेकीच्या दुसऱ्या अंगाला बसले.